वासूदादांचं पाणी

बातमी दुपारी आली, फोनवरच्या आमच्या जुन्या कारखान्याच्या ग्रुपवर. त्या ग्रुपवर एरवी सकाळी फुलांची चित्रं येतात आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, शुभेच्छा, मधल्या काळात कोणी कोणाची चौकशी करत नाही. मी तर त्याचा आवाजच बंद करून ठेवला आहे. त्या दिवशी पीठ मळता मळता सहज नजर गेली... "आपले वासूदादा आज पहाटे वारले. इब्रामपूर येथे, राहत्या घरी." खाली जोडलेल्या हातांची रांग. त्या रांगेत मध्येच एका नव्या पोराने विचारलं होतं, "वासूदादा कोण?" आणि त्याला कोणीतरी उत्तर दिलं होतं, "अरे ते रे, जांच्या पाण्यान मोरपंखी कापडाची वाट लागली ते. बरो मनीस!" पिठाच्या हातांनी मी उत्तर लिहायला घेतलं. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी मीही दोन जोडलेले हात टाकले आणि भाकऱ्या भाजायला लागले. त्या वाक्यातलं 'बरो मनीस' तेवढं खरं आहे, आधीचं सगळं खोटं. ते खोटं आहे हे तेव्हा जगात फक्त मला माहीत होतं, आणि तरी मी हात जोडून गप्प बसले. त्याला आता दीड महिना झाला.

मी गोव्यातल्या मये गावची. म्हापशाला रसायनशास्त्र शिकले आणि डिचोलीजवळ कापड रंगवण्याचा एक कारखाना होता, तिथे प्रयोगशाळेत लागले. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक तराजू, काचेच्या बाटल्या आणि एक जनेल. जनेल उघडलं की मागच्या टाक्यांचा वास आत यायचा, म्हणून ते कायम बंद. हॉटेलांचे पडदे, टॉवेल, टेबलांवरची कापडं असा माल आमच्याकडे रंगायला यायचा. कापड रंगवायला पाणी किती लागतं हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. धुवा, रंगवा, पुन्हा धुवा, साबणात उकळा, पुन्हा धुवा... आणि दर वेळी सोडून दिलेलं पाणी त्या दिवशीच्या रंगाचं. सोमवारी तांबडं, मंगळवारी हिरवं. ते मागच्या टाक्यांत नेऊन साफ करायचं असा कायदा, म्हणून टाक्या बांधलेल्या. पण त्या चालवायला माणूस टिकत नव्हता. आठ दिवस काम करायचा, नाकाला रुमाल लावायचा आणि पगाराच्या दिवशी निघून जायचा.

वासूदादा आले ते खाणी बंद पडल्या त्या सुमाराला. डिचोलीत तेव्हा ज्याच्या त्याच्या दारात ट्रक उभे होते आणि त्यांच्या चाकांत गवत वाढत होतं. वासूदादा खाणीवर पंप चालवायचे. पन्नाशी ओलांडलेला माणूस, दोन्ही कानांवर केस, पायात रबरी बूट, हातात पावाची पिशवी आणि पिशवीत पाव नाहीच, पान्हे. आमचे रंगाचे मास्तर इचलकरंजीचे, बोलायला तिखट. त्यांनी विचारलं, "शिक्षण काय?"

"पाणी," वासूदादा म्हणाले.

"पाणी काय?"

"वीस वर्सां पाणीच उपसलंय, मास्तर. पाणी खंय जाता, खंय बसता, कित्याक रागावता, ता सगळा माका म्हायत आसा."

मास्तर हसले आणि त्यांना मागच्या टाक्यांवर धाडून दिलं. आठ दिवसांत पळेल अशी माझीही खात्री होती. मी तेव्हा तेवीस वर्षांची, पदवीचा कागद नवा कोरा, आणि जगात आपल्याइतकं कोणाला कळत नाही ही समजूत त्याहून कोरी. तिसऱ्या दिवशी हे गृहस्थ माझ्या टेबलाशी येऊन उभे. म्हणाले, "बाय, ह्या चुन्याचा काय काम ता माका सांग. मी घालतंय, पण कित्याक घालतंय ता कळाक नाय." मी पुस्तकी भाषेत दहा मिनिटं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे रंगाक जड करूचो, आनी तळाक बसवूचो. मगे तितक्याच सांग मा." आता शाळेत पोरांना शिकवताना मी तसंच शिकवते.

पुढची टाकी हवेची. तिच्यात खालून हवा सोडलेली असते आणि रंगाचा उरलासुरला भाग खाणारे जंतू त्यात वाढवायचे असतात. जंतू हा शब्द त्यांना आवडला नाही. ते त्यांना 'गुरां' म्हणायचे. "टाकीतली गुरां आज सुस्त आसत," "गुरांक काल मास्तरान जास्त ब्लीच पाजलो, चार मेली." सुट्टी असली की कारखाना बंद, म्हणजे टाकीत नवं पाणी नाही, म्हणजे गुरं उपाशी. मग हा माणूस घरून गूळ आणि शेण घेऊन यायचा आणि बालदीत कालवून टाकीत सोडायचा. चवथीच्या दिवसांत तर सगळा गोवा घरी असतो. आमच्याकडे चवथ म्हणजे चवथ, नोकरी गेली तरी चालेल पण चवथीला घर सुटत नाही. वासूदादा मात्र गणपती बसला की दुपारी जेवून इब्रामपूरहून निघायचे, बसा बदलत डिचोलीला यायचे, टाकीला खाणं घालायचे आणि आरतीला परत. घरचे रागवायचे. एकदा मीही म्हटलं, दादा, हे अति होतंय. तर म्हणाले, "चवथ आसली म्हणान गोठ्यातल्या गुरांक कोण उपाशी ठेयता?" 

कारखान्याच्या खालच्या अंगाला एक व्हाळ, म्हणजे ओढा आहे आणि व्हाळाच्या काठाला एक वाडा, छोटी वस्ती. बायका तिथे कपडे धुतात, पाऊस सरल्यावर त्याच पाण्यावर भाजी आणि भात करतात. हा वाडा म्हणजे वासूदादांची सासुरवाडी, त्यांच्या बायकोचं, आमच्या वैनीचं माहेर. वासूदादा यायच्या आधीपासून व्हाळाला अधूनमधून रंगाचं पाणी लागायचं. एक दिवस तिथली माणसं फाटकावर आली. पुढे एक म्हातारी होती, हातात पंचा. पांढरा धुवायला नेलेला, जांभळा होऊन आलेला. कारखान्याचे मालक शेट मागच्या दाराने गाडीत बसले, मास्तरांनी ऑफिसला आतून कडी घातली. फाटकावर गेले ते वासूदादा. जमावात त्यांचा सख्खा मेव्हणा उभा होता. तो म्हणाला, "भावोजी, तुम्ही मदी पडा नका." वासूदादा मध्ये पडले नाहीत, ते त्या लोकांबरोबर चालत त्यांच्या देवळात गेले. मी कुतूहलाने मागोमाग गेले म्हणून मला हे माहीत. त्यांनी देवापुढे नारळ ठेवला आणि रीतसर गाऱ्हाणं घातलं... "बा देवा म्हाराजा, ह्या दिसापासून रंगाचा पाणी ह्या व्हाळाक लागूचा नाय, ही जबाबदारी माझी. घडला तर माझा नाव घे, म्हाराजा." आणि जमलेले सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

शेटनी कपाळावर हात मारून घेतला. वासूदादांनी हे सगळं कोणालाही न विचारता केलं होतं. साफ केलेलं का होईना, पाणी टाकीत मावणार किती? ते कुठेतरी सोडायलाच लागणार. मी तसं विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "जयसून इला थयच घालूचा." म्हणजे ज्या यंत्रातून पाणी आलं त्याच यंत्रात, पुन्हा कापड रंगवायला. मास्तर खवळले. घाणीच्या पाण्यात माझं कापड घालायचं नाही, हा त्यांचा मुद्दा. पण वासूदादांनी वाळूची गाळणी नीट भरून घेतली, कोळशाची नवी बसवून घेतली, आणि शेवटी ते पाणी सॉफ्टनरमधून काढायला लागले. सॉफ्टनर हे एक नळकांडं. चुन्यामुळे पाण्यात आलेला जडपणा ते शोषून घेतं. पण शोषता शोषता तेही थकतं, मग त्याला मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. ते थकलं की नाही हे कोणी सांगायचं? मी. रोज सकाळी आठ वाजता सॉफ्टनरच्या नळाचं पाणी काचेच्या कोपात, म्हणजे पेल्यात घ्यायचं, दोन थेंब टाकायचे. निळं झालं तर पाणी मऊ, वापरा. लाल झालं तर थांबा आणि मिठाने धुवा. रजिस्टरात एवढंच लिहायचं, 'निळं' किंवा 'लाल'. काम दोन मिनिटांचं.

वर्षभर उत्तम चाललं. व्हाळ स्वच्छ झाला. वाड्यावरून काकड्या, भोपळे यायला लागले, मलासुद्धा. वासूदादा सकाळी जनेलावर टकटक करून विचारायचे, "बाय, निळा मा?" मी आतून ओरडायची, "निळं!" हे इतकं अंगवळणी पडलं की बाजारात भेटले तरी बरं आहे का असं न विचारता ते हेच विचारायचे. पुढे माझ्या लग्नातसुद्धा अक्षता टाकताना त्यांनी हेच विचारलं, आणि नवऱ्याला वाटलं शालूच्या रंगाबद्दल चाललंय.

आता ते सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले.

चवथीचा आदला दिवस होता. आमच्या घरी गणपतीच्या डोक्यावरची माटोळी बाबा बांधतात. लाकडी चौकट आणि तिला रानातली फळं, पानं, नारळाची पेंड, सुपारीचा शिपटा. रान धुंडून सगळं तेच आणायचे. त्या वर्षी त्यांचा गुडघा सुजला होता, भाऊ परदेशी, तेव्हा माटोळीचं सामान डिचोलीच्या बाजारातून मी आणायचं ठरलं. माटोळीच्या बाजारात उशिरा गेलं की कांगलां-घागऱ्यो अशी रानफळं, सगळं चांगलं उचललेलं असतं आणि घरी बोलणी खावी लागतात. मास्तरांनी मला लवकर सुटायची परवानगी दिली होती, मी ती सकाळीच वापरायची ठरवली. साडेसात वाजता कारखान्यात शिरले, पर्स खांद्यावरच. रजिस्टर उघडलं, कालचं 'निळं', परवाचं 'निळं'... त्यांच्याखाली मी तिसरं 'निळं' लिहिलं, सही केली आणि निघाले. कोप मांडणीवरून खालीसुद्धा काढला नाही. फाटकाशी वासूदादा भेटले. "बाय, निळा मा?" "निळं," मी म्हटलं, आणि रस्ता ओलांडून बस धरली. माटोळी त्या वर्षी फार छान झाली. सगळ्यांनी तारीफ केली.

त्याच दुपारी मास्तरांनी मोरपंखी रंगाचा मोठा घाणा काढला. एका हॉटेलचे पडदे, हंगाम सुरू होण्याआधी द्यायचे. मोरपंखी हा नखरेल रंग आहे, पाण्यात जरा जडपणा असला की कापडावर नीट बसत नाही. कापड ओलं असताना कळलं नाही. सुट्टीनंतर वाळलेलं कापड उलगडलं तेव्हा त्याच्यावर ढगांसारखे डाग, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी तशीच प्रयोगशाळेत गेले आणि पहिल्यांदा सॉफ्टनरचं पाणी तपासलं. लाल. साधं लाल नव्हे, भडक लाल. सॉफ्टनर कधीचा थकलेला होता. मग टाकीतलं, म्हणजे सॉफ्टनरच्या आधीचं, वासूदादांच्या हातातलं पाणी तपासलं. ते रोजच्यासारखंच होतं. त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. मी कोप विसळला, जागेवर ठेवला, मिठाची पोती उघडून सॉफ्टनर धुवायला लावला. कोणी विचारलं नाही, कारण सगळे कापडाभोवती जमले होते.

शेटनी मला बोलावलं. "तपासणी बरोबर होती?" मी रजिस्टर पुढे केलं. मास्तर म्हणाले, मग झालं तर, घाणीच्या पाण्यानेच केलंय, मी पहिल्यापासून सांगत होतो. वासूदादा दाराशी उभे होते, बूट भिजलेले म्हणून आत येत नव्हते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, तू तपासलंस मा?"

"होय. तपासलंय."

"मगे माझाच काय तरी चुकला आसतला," ते म्हणाले.

संशयाने विचारलं असतं तर कदाचित मी सांगून टाकलं असतं... हे आता म्हणायला सोपं आहे. मला नोकरी जाण्याची भीती वाटली, हे खरं. पण त्याहून जास्त भीती वाटली ती हसं होण्याची. पदवीवाल्या बाईकडून दोन थेंब टाकायचं काम झालं नाही, हे मास्तरांच्या तोंडून ऐकायची. म्हणून मी 'तपासलंय' म्हटलं.

पाणी परत वापरणं त्याच दिवशी बंद झालं. टँकर सुरू झाले. वासूदादांना टाक्यांवरून काढून बॉयलरच्या लाकडांवर घातलं. टाक्यांवर एक नवा माणूस आला, तो दुपारी झोपायचा. पंधरा दिवसांत व्हाळ हिरवट झाला. वाड्यावरची माणसं पुन्हा फाटकावर आली नाहीत, ती थेट देवळात गेली. देवापुढे कोणाचं नाव घेतलं गेलं ते मी सांगायला नको. वैनी एकदा जत्रेला माहेरी गेली, तर तिच्याच काकीने पंगतीत विचारलं, "गे, तुझ्या घोवान ठेयलेलो नारळ कुजको निघालो काय गे?" पान अर्ध्यावर टाकून वैनी उठून आली. पुढे तीन वर्षं ती माहेरच्या देवळाची पायरी चढली नाही. पंगतीतलं ते बोलणं तेव्हा मला वासूदादांनीच सांगितलं, लाकडं रचता रचता, हसत. मी चहा संपवला आणि आत गेले.

मग ते पुढचं वर्ष. हा माणूस रोज जेवणाच्या सुट्टीत त्या पावाच्या पिशवीतून बाटली घेऊन यायचा. टाकीतलं पाणी, थोडं स्वतः गाळलेलं. "बघ गो बाय, चुको खंय आसा ता." कधी चुना कमी करून बघ, कधी तुरटी बदलून बघ, कधी वाळू आणखी बारीक. लाकडांच्या शेडमागे तीन दगडांवर भांडं ठेवून पांढऱ्या चिंध्या मोरपंखी रंगात बुडवायचे आणि दोरीवर वाळत घालायचे. डाग नाही. पुन्हा करायचे. डाग नाही. "मगे तेव्हाच कसो पडलो?" असं विचारून माझ्याकडे बघायचे आणि मी म्हणायची, "बघूया, दादा, आणखी एक करून बघूया." जी चूक त्यांनी केलीच नव्हती ती ते वर्षभर शोधत होते, आणि ती जिच्याकडे होती ती त्यांना बाटल्या धुऊन देत होती. एक खरं, त्या शोधापायी पाणी आधीपेक्षाही चांगलं झालं. चुना निम्म्यावर आला, गाळणी बदलली. मी पापक्षालन म्हणून खूप राबले, सुट्टीच्या दिवशी आले, त्यांच्याबरोबर टाकीला शेण-गूळसुद्धा घातला. लोक म्हणायचे, वासूदादाला पाठिंबा दिला तो ह्या एकट्या बाईने. मी ते म्हणू दिलं.

मग एका उन्हाळ्यात टँकर येईनासे झाले. यंत्रं थांबली. वासूदादा शेटच्या गाडीपुढे जाऊन उभे राहिले, "माझा पाणी घेवन बघा. परत डाग पडलो तर लाकडांवरसूनय काडा." शेटकडे दुसरा इलाज नव्हता. पहिले फिकट रंग, मग गडद, शेवटी मोरपंखी. त्या दिवशी सॉफ्टनर मी सकाळी तपासला, दुपारी तपासला, आणि मास्तरांची नजर चुकवून आणखी दोनदा तपासला. कापड आरशासारखं निघालं. व्हाळ पुन्हा निवळला. पण वाड्यावरच्यांनी 'सुधारला' म्हटलं, 'त्याची चूक नव्हती' असं कोणी म्हटलं नाही. कारखान्यात तर ती गोष्टच झाली. नवा माणूस आला की मास्तर त्याला टाक्या दाखवताना सांगायचे, ह्या पाण्याने एकदा पडदे खाल्ले होते बरं का. निवृत्तीच्या समारंभात वासूदादांना बोलायला उभं केलं, तेव्हा त्यांनी स्वतःच ती सांगितली. "माझ्या पाण्यान मोरपंखीची वाट लायली, पण ह्या बायेन माका परत उबो केलो." सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले. मी पहिल्या रांगेत होते. मीही वाजवल्या.

नंतर मी ती नोकरी सोडली, शाळेत शिकवायला लागले. अधूनमधून इब्रामपूरला त्यांच्याकडे जायची, जेवायची, काजू घेऊन यायची. दर वेळी ठरवून जायची की आज सांगायचं. वासूदादा पुढे बसवून आग्रह करकरून वाढायचे, आणि मी पोट भरून परत यायची. शेवटची भेट ह्या गेल्या पावसाळ्यानंतरची. थकले होते, श्वास लागायचा. दारापर्यंत सोडायला आले, खांबाला धरून उभे राहिले आणि तेच विचारलं, "बाय, निळा मा?" मी तेच उत्तर दिलं.

ते गेल्यावर महिन्याने मी गेले. वैनी अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. मी बसलेसुद्धा नाही, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माटोळीपासून. ती बिया पसरत राहिली. मी थांबल्यावर तिने विचारलं, "कितकी वर्सां झाली ह्येका?"

"बारा होतील."

"आनी तू माझ्या घरात जेवान गेलंस."

"होय, वैनी."

"कितकेदा?"

मी बोटांवर मोजायला लागले. तिने मला मध्येच थांबवलं आणि म्हणाली, "तेंका सांगूक होया होता. ते रागावले नसते. तुका म्हायत होता ते रागावूचे नाय, तरीय तू सांगलंस नाय." हे मला कोणी आधी म्हणालं नव्हतं, मी स्वतःलाही म्हणाले नव्हते. मी रडायला लागले तर ती म्हणाली, "माझ्याकडे रडून काय होतला? मी तेंच्याबरोबर आयुष्य काडलंय, ते कसे होते ता माका म्हायत आसा. वाड्यार सांग. कारखान्यात सांग. तू शिकलेला मा? पेपरात लिही. आनी लिवलंस की पयला माका दाखय."

म्हणून हे लिहिलं. मागच्या रविवारी कागद घेऊन पुन्हा इब्रामपूरला गेले. वैनीने मला मागच्या दारी बसवलं. तिथे मोरीच्या पाण्यासाठी वासूदादांनी तीन खड्डे केलेले आहेत, पहिल्यात नारळाचा काथ्या, दुसऱ्यात वाळू, तिसऱ्यातून पाणी केळींना. वैनी दर रविवारी काथ्या काढून नवा घालते. "ते आसताना मी ह्या खड्ड्यांका शिव्या घालायचंय," ती म्हणाली, "आता पाटी भरून काथो घेतलंय की ते हयच खंय तरी आसत असा वाटता." काथ्या घालून झाल्यावर तिने हात धुतले, चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मोरपंखीपाशी थांबली. शेवटपर्यंत वाचलं, कागद परत दिले आणि म्हणाली, "सगळा बरोबर लिवलंस. पण ह्या वासूदादा वासूदादा काय? देवाकडे तेंचा पुरा नाव घेतल्यानी. ह्यातय पुरा घाल."

तर ज्यांनी ती गोष्ट ऐकली, सांगितली, किंवा देवळात ते नाव घेतलं, त्या सर्वांसाठी. चवथीच्या आदल्या दिवशी सॉफ्टनरचं पाणी मी तपासलं नव्हतं. रजिस्टरातलं त्या दिवसाचं 'निळं' खोटं आहे आणि खालची सही माझी आहे. वासुदेव बाबली परब, राहणार इब्रामपूर, यांचं पाणी चांगलं होतं.